खार बघावी कशी: गॅलरीतल्या शेवग्यापासून भीमाशंकरच्या शेकरूपर्यंत

एक वही, रोजची वीस मिनिटं आणि खिडकीतून दिसणारं एखादं झाड, एवढ्यावर खारीचा अभ्यास सुरू होतो. मी तो सुरू केला एका चुकीनंतर. सहा वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, ऊन वाढलं म्हणून गॅलरीत गुंडाळून ठेवलेला बांबूचा पडदा मी सोडला. त्या गुंडाळीतून काथ्या, कापूस, पायपुसण्याचे धागे आणि तीन गुलाबी पिल्लं फरशीवर पडली. घाबरून मी त्यांना ड्रॉपरने गाईचं दूध पाजलं. त्यातलं एक रात्रीतून गेलं.

नंतर आठवत गेलं तेव्हा कळलं, की त्याआधीचे आठ-दहा दिवस खार माझ्या डोळ्यांसमोरून तोंडात काथ्याचा बोळा धरून त्या पडद्यात जात होती. मी चहा पीत ते बघत होते आणि त्याचा अर्थ मला लागत नव्हता. तो लागला असता तर पडदा मे महिन्यापर्यंत तसाच राहिला असता. खारीची हालचाल वाचायला शिका, म्हणजे तिला आपल्याकडून नकळत होणारा त्रास टळतो. खाली जे लिहिलं आहे ते त्यासाठी.

आधी पट्टे मोजा

आपल्या अवतीभवती दिसणाऱ्या, शंभरेक ग्रॅम वजनाच्या पट्टेरी खारीच्या मुख्य जाती दोन. तीनपट्टी खारीच्या पाठीवर तीन फिक्या रेघा असतात. पाचपट्टीला त्याच तीन, शिवाय दोन्ही कुशींवर एकेक पुसट रेघ जास्त. पाठीमागून बघून फसायला होतं, कारण कुशीवरची रेघ वरून दिसत नाही. खार खोडावर आडवी, म्हणजे एका बाजूने दिसेपर्यंत थांबा आणि पोटाकडच्या कडेला आणखी एक फिकी रेघ आहे का ते बघा. पाचपट्टी उत्तरेकडे आणि कोरड्या मुलखात पसरलेली, तीनपट्टी दक्षिणेकडची. महाराष्ट्रात दोघींच्या हद्दी एकमेकींत मिसळतात, म्हणून इथे मोजून बघण्यात खरी मजा आहे. सह्याद्रीच्या दाट झाडीत आणखी एक गडद रंगाची पट्टेरी खार राहते, पण ती वस्तीजवळ सहसा येत नाही.

सेतू बांधताना खारीने वाळू वाहिली आणि रामाने तिच्या पाठीवरून तीन बोटं फिरवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. माझ्या भाचीला पाचपट्टी खार दाखवली तेव्हा तिने लगेच विचारलं, "आत्या, मग हिच्यावरून पूर्ण हात फिरवला का?" त्या दिवसापासून ती माझ्यापेक्षा जास्त नेमाने पट्टे मोजते. मुलांना खार दाखवायची असेल तर सुरुवात इथूनच करा.

नावाचंही वहीत लिहून ठेवा. देशावर खार किंवा खारूताई, तळकोकणात आणि गोव्यात चानी.

एकच झाड, एकच वेळ

सुरुवातीला सगळीकडे बघायचा मोह होतो, तो टाळा. एकच झाड निवडा. शेवगा, पेरू, चिकू, आंबा, उंबर यांतलं काही असेल तर उत्तम. खार दिवसा वावरणारी आहे. ऊन तापायच्या आधी सकाळचे एक-दोन तास आणि दुपार उतरल्यावर पुन्हा, या तिच्या धावपळीच्या वेळा. अंधार पडायच्या आत ती घरट्यात असते.

रोज तीनच गोष्टी टिपा: किती वाजता आली, काय करत होती, कुठून आली आणि कुठे गेली. पहिल्या आठवड्यात या नोंदी निरर्थक वाटतील. दुसऱ्या आठवड्यात त्यात वाटा दिसायला लागतात. आमच्याकडची खार शेवग्यावरून केबलच्या वायरीवर, तिथून समोरच्या इमारतीच्या पाइपावर आणि मग कंपाउंडच्या भिंतीवर, अशी जवळजवळ त्याच रस्त्याने रोज जाते. तो रस्ता एकदा कळला, की तिने वाट का बदलली हेही विचारता येतं. बहुतेक वेळा उत्तर मांजर हेच असतं.

उन्हाळ्यात दुपारी तुम्हाला खार गॅलरीच्या गार फरशीवर किंवा सावलीतल्या फांदीवर चारी पाय पसरून, पोट टेकून पडलेली दिसेल. ती मेलेली किंवा आजारी नसते, अंगातली उष्णता पोटाच्या कातडीवाटे बाहेर घालवत असते. तिला उचलायला जाऊ नका. शेजारी मातीच्या पसरट ताटलीत पाणी ठेवा आणि बाजूला व्हा.

शेपूट आणि आवाज

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला आहे आणि तुम्हीही घालवावा. शेपूट तोल सांभाळते, थंडीत पांघरूण होते, पण बघणाऱ्याच्या दृष्टीने तिचं मुख्य काम म्हणजे निशाणी देणं.

'चिप्, चिप्, चिप्' असा एकसुरी, टोचणारा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. पुष्कळांना तो पक्ष्याचाच वाटतो. पुढच्या वेळी आवाज आला की खारीला शोधा आणि शेपटीकडे बघा. प्रत्येक 'चिप्'बरोबर शेपटीला एक झटका बसतो, जणू आवाज शेपटीतून ढकलला जातोय. हा धोक्याचा इशारा. आता तिचं तोंड कुठे आहे ते बघा आणि त्या दिशेने नजर खाली उतरवा. मी हे शेकडो वेळा करून पाहिलं आहे. तिथे मांजर असतं, कधी मुंगूस, एकदा धामण. मांजर उठून गेलं की खार फांदी बदलते आणि तोंड पुन्हा त्याच्याकडे करते. मांजराला लपून शिकार करायची असते, आणि 'तू दिसलास' हे सगळ्या आवारात जाहीर झाल्यावर त्याचा डाव फसतो. म्हणूनच ती न पळता, उंचावर बसून दहा-दहा मिनिटं ओरडत राहते. थोड्या वेळाने बुलबुल आणि साळुंक्याही त्यात सामील होतात.

धोका वरून आला, म्हणजे शिक्रा किंवा दुसरा शिकारी पक्षी फिरायला लागला, की आमच्या झाडावरचं चित्र एकदम बदलतं. आवाज एक-दोनदा होतो किंवा होतच नाही. खार खोडाला घट्ट चिकटते आणि हळूच पलीकडच्या बाजूला सरकते. तेव्हा पाठीवरचे पट्टे कशासाठी आहेत ते समजतं. सालीच्या भेगांत ती डोळ्यांदेखत नाहीशी होते.

तिसरा प्रकार म्हणजे खाली मांजर नाही, वर शिक्रा नाही, तरी कलकलाट चालू आहे आणि दोन-तीन खारी एकीमागे एक खोडाभोवती गोल गोल धावत आहेत. हे भांडण नसून विणीच्या काळातली धावपळ आहे. पुढे असते ती मादी, मागचे नर. ही तारीख वहीत नक्की लिहा. पिल्लांचा गर्भकाळ जातीनुसार साधारण ३४ ते ४२ दिवसांचा असतो, म्हणजे सव्वा-दीड महिन्याने जवळपास कुठेतरी घरट्यात पिल्लं असण्याची शक्यता आहे. पडदे, कुंड्या, एसीच्या मागची फट यांना हात लावण्याआधी ही तारीख बघायची.

उतरताना आणि कुरतडताना

खार झाडावरून डोकं खाली करून उतरते, याकडे एकदा मुद्दाम लक्ष द्या. मांजराला हे नीट जमत नाही, ते मागे मागे सरकत उतरतं. खारीचा मागचा पाय घोट्यात असा फिरतो, की तळवा उलटा होऊन नख्या वरच्या बाजूला सालीत रुततात. ती मागच्या दोन पायांवर लटकते आणि पुढचे दोन मोकळे राहतात. शेवग्याची शेंग किंवा पेरू ती याच अवस्थेत, उलटी लोंबकळत खाते. पुढच्या पायाला चार बोटं आणि मागच्याला पाच, हेही धुळीतल्या ठशांत मोजता येतं.

तिचे पुढचे चार दात, दोन वर आणि दोन खाली, आयुष्यभर वाढत राहतात. दाताच्या पुढच्या बाजूला कठीण, नारिंगीसर झाक असलेला थर असतो आणि मागची बाजू त्या मानाने मऊ. कुरतडताना मागची बाजू आधी झिजते, त्यामुळे दाताला पटाशीसारखी धार आपोआप राहते. कुरतडणं ही तिची खोड नसून गरज आहे. वायरी, प्लॅस्टिकच्या टाकीच्या कडा, ठिबकच्या नळ्या तिच्या तोंडी लागतात त्या यामुळेच. वायर उघडी असेल तर ती पाइपातून घ्या. हा उपाय तिच्यासाठीही आहे, कारण विजेच्या धक्क्याने खारी मरतात.

झाडाखाली पडलेलं फळ कोणी खाल्लं हे ओळखायला सोपी खूण आहे. रात्रभरात कुरतडलेलं फळ पहाटे, खारी उठायच्या आधीच सापडलं, तर ते उंदीर-घुशीचं काम. चघळून टाकलेला चोथा पडला असेल तर वटवाघूळ. दिवसाढवळ्या वरून सालपटं पडताना दिसली, तर वर बघा. खार मागच्या पायांवर बसलेली असते आणि शेंगदाणा दोन्ही हातांत धरून सुतारासारखा फिरवत असते.

फळं आणि बियांखेरीज ती किडे खाते, कधी पक्ष्यांची अंडीही. काटेसावर आणि पांगारा फुलले की तिचं तोंड फुलात असतं. काटेसावरीच्या लाल फुलात डोकं खुपसून ती मध पिते आणि मिशांना पराग लावून पुढच्या फुलाकडे जाते. शेवटच्या थंडीत, पानं गळलेल्या सावरीखाली अर्धा तास उभं राहिलात तर हे हमखास दिसेल.

परदेशी व्हिडिओ बघून आपल्याकडे पुष्कळांना वाटतं की प्रत्येक खार हिवाळ्यासाठी जमिनीत बिया पुरून ठेवते आणि थंडीत झोपून राहते. बिया पुरणारी ती प्रसिद्ध खार उत्तर अमेरिकेतली राखाडी खार, आणि तीही हिवाळाभर झोपत नाही. आपल्या पट्टेरी खारीला बर्फाचे महिने काढायचे नसतात. ती बारा महिने जागी आणि कामात असते. परिस्थितीशी जुळवून घेण्यात मात्र ती पटाईत आहे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात १८९८ मध्ये आपली पाचपट्टी खार प्राणिसंग्रहालयातून बाहेर पसरली आणि त्या परक्या मातीत रुजली.

तोंडात काय आहे ते बघा

तोंडात फळ किंवा शेंग असेल तर ती खायला निघाली आहे. काथ्या, कापूस, सुतळी, गवत किंवा चिंधी असेल आणि ती पुन्हा पुन्हा एकाच दिशेला जात असेल, तर घरटं बांधतेय. माझं चुकलं ते नेमकं इथे.

घरटं झाडाच्या बेचक्यात असतं तसंच कौलांखाली, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे, पडद्याच्या गुंडाळीत, मीटरच्या पेटीत, न वापरलेल्या कुंडीत असतं. सापडलं तर त्याला हात लावू नका. पिल्लं जन्मतः आंधळी आणि बिनकेसांची असतात, एका वेळी बहुधा दोन किंवा तीन. साधारण तीन आठवड्यांनी डोळे उघडतात, दोन-अडीच महिन्यांत ती स्वतःच्या पायांवर उभी राहतात. सगळं संगोपन आई एकटी करते. घरटं धोक्याच्या जागी असेल, म्हणजे वायरीजवळ किंवा वापरातल्या युनिटमध्ये, तर शक्य असल्यास तेवढे दिवस ते उपकरण बंद ठेवा. पिल्लं गेल्याची खात्री झाली की ती फट जाळीने बंद करा. पिल्लं आत असताना फट बंद करणं म्हणजे त्यांना उपाशी मारणं. इमारतीचं रंगकाम किंवा दुरुस्ती काढण्याआधी मिस्त्रींना हे सांगून ठेवा. आमच्याकडचे मिस्त्री आता फळी काढण्याआधी स्वतः विचारतात, "ताई, आत खार नाही ना?"

आणखी एक दृश्य दिसू शकतं: खारीच्या तोंडात तिचंच पिल्लू. पिल्लू तिच्या गळ्याभोवती गुंडाळल्यासारखं असतं. ती ते खात नसते. जागा असुरक्षित वाटली म्हणून दुसऱ्या घरट्यात हलवत असते. त्या वेळी सगळ्यांना दूर ठेवा, विशेषतः कुत्र्याला.

पिल्लू खाली पडलं तर

हा भाग घाईत वाचला जाईल हे मला माहीत आहे, म्हणून क्रमाने सांगते.

आधी मुंग्या. जमिनीवर पडलेल्या पिल्लाला पहिला धोका त्यांचाच असतो. स्वच्छ मऊ कापडाने पिल्लू उचला आणि मऊ ब्रशने मुंग्या काढा. कान, काखा आणि पायांच्या खाचा बघा.

मग जखम. रक्त असेल, पाय वाकडा असेल किंवा मांजराच्या तोंडातून सुटलेलं असेल, तर थेट पशुवैद्यांकडे. मांजराच्या दाताचा टोचा सुईएवढा दिसतो, पण त्यातून जाणारे जंतू लहान पिल्लाला एक-दोन दिवसांत मारतात. वरून ठीक दिसतंय म्हणून थांबू नका.

मग ऊब. बुटाच्या खोक्यात मऊ कापड अंथरा. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला बाजूला सरकता येईल. गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजायचं नाही. त्याला ते पचत नाही.

पिल्लू धडधाकट असेल तर ते आईला परत द्यायचं. 'माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही' ही समजूत खरी नाही. ऊब दिलेलं पिल्लू उथळ टोपलीत ठेवा आणि टोपली पडल्या जागेजवळच, झाडाला किंवा ग्रिलला, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर बांधा. वरून अर्धी झाका, नाहीतर कावळे येतील. मग आत जा आणि दार लावून घ्या. आपण दिसत राहिलो तर ती येत नाही. दोन-तीन तास थांबावं लागतं. माझ्याकडच्या उरलेल्या दोन पिल्लांना आईने दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं, पहिलं सव्वासातला आणि दुसरं चार मिनिटांनी. संध्याकाळ झाली असेल तर पिल्लू रात्रभर घरात उबेत ठेवा आणि उजाडताच टोपली पुन्हा बांधा. रात्री आई येणार नाही.

आई आलीच नाही तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वन्यजीव बचाव संस्थेला कळवा. तोपर्यंत गाईचं किंवा म्हशीचं दूध देऊ नका. ते पचत नाही, जुलाब होतात आणि इवल्याशा अंगातलं पाणी निघून जातं. पाठीवर उताणं धरून काही पाजलं तर ते नाकातून फुप्फुसात जातं. चुकीचं पाजण्यापेक्षा ऊब देऊन वाट बघणं कितीतरी सुरक्षित. मदत यायला फारच वेळ लागणार असेल तर पशुवैद्यांना फोन करून विचारा आणि ते सांगतील तेवढंच, पिल्लाला पोटावर धरून, थेंब थेंब द्या.

पिल्लू गोड दिसतं म्हणून ठेवून घेऊ नका. खार हा वन्यप्राणी आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या खारीला मांजर ओळखता येत नाही, आणि बाहेर सोडल्यावर ती फार दिवस जगत नाही.

खाऊ द्यावा का?

माझं मत स्पष्ट आहे: पाणी जरूर द्या, खाऊ देऊ नका. फरसाण, खारे दाणे, बिस्किटं, तळलेलं तर नकोच. रोज ठरलेल्या जागी खाणं टाकलं की मांजराला आणि घुशींनाही ती जागा कळते. द्यायचंच असेल तर एखादं पेरूचं झाड लावा. पाण्याची ताटली उथळ हवी. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. पिंप किंवा टाकी उघडी असेल तर झाकण लावा, निदान आत एक खरखरीत काठी उभी ठेवा. पाण्यात पडलेली खार गुळगुळीत भिंत चढू शकत नाही.

उंदरांसाठी लावलेल्या चिकट कागदावर खार अडकली तर ओढू नका, कातडी निघते. डोळे-नाक सांभाळून चिकटलेल्या भागावर खाण्याचं तेल बोटाने हळूहळू चोळा, ती सुटत जाते. सुटल्यावर उबेत ठेवा आणि पशुवैद्यांना दाखवा. असे कागद उघड्यावर ठेवूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. हाताळताना ती चावली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

बागायतदारांचं नुकसान होतं हेही खरं आहे. डाळिंब, चिकू, कोवळे नारळ खारी पोखरतात. फळांना कागदी पिशव्या बांधणं किंवा जाळी लावणं हे कष्टाचं काम आहे, पण विष टाकण्यापेक्षा हजारपट बरं. ते विष खाल्लेली खार पुढे घुबडाच्या आणि मांजराच्या पोटात जाते.

आणि मग शेकरू

गॅलरीतल्या खारीवर डोळा बसला की भीमाशंकरला जा. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९८५ मध्ये घोषित झालेलं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं भीमाशंकर अभयारण्य मुख्यतः त्याच्यासाठी ओळखलं जातं. फणसाड आणि महाबळेश्वरच्या झाडीतही ते आहे. पाठीवर तांबूस-तपकिरी, पोटाला मळकट पांढरं, शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांब आणि दीड-दोन किलो वजनाचं. ते जमिनीवर क्वचितच उतरतं, एका झाडावरून दुसऱ्यावर वीस फुटांपर्यंत झेप घेतं. म्हणूनच त्याला सलग माथा असलेलं जंगल लागतं. मधला एक रुंद रस्ता किंवा तोडलेला पट्टा त्याच्या मुलखाचे दोन तुकडे करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे.

देवळाजवळच्या गर्दीत ते शोधू नका. सकाळी लवकर, सोबत स्थानिक वाटाड्या घेऊन, झाडीतल्या पायवाटेने जा. आधी घरटी शोधा. काड्या-पानांचे मोठे गोल ढिगारे उंच झाडांच्या बारीक फांद्यांत दिसतात. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे ते आत आहेच असं नाही. जांभूळ, उंबर किंवा आंब्याखाली अर्धवट खाल्लेली फळं ताजी आहेत का ते बघा. नंतर कान द्या. कर्कश, खडखडणारी साद आली की हलू नका, बोट दाखवू नका. धोका वाटला की तेही पट्टेरी खारीसारखंच फांदीला चिकटून निश्चल होतं, आणि तेव्हा डोक्यावर असूनही सापडत नाही.

अशा वेळी अंग शोधू नका, शेपूट शोधा. दुपारच्या सुमाराला ते जाड फांदीवर पोट टेकून आडवं पडतं, आणि पानांतून एक लांब, झुपकेदार शेपूट सरळ खाली लोंबत असते. ती दिसली की तिथेच बसा, पाणी प्या, वही काढा. तासाभरात ते उठतं.